सगळ्यात वरचा मजला

…तर तो पलंग काही केल्या लिफ्टमध्ये जाईना. काल गोष्ट तिथंच, लिफ्टच्या जाळीच्या दाराशी राहिली होती, आणि पलंगही तिथंच राहिला होता. उभा करून झाला, आडवा करून झाला, पाय सोडवून झाले. सागाचा पलंग तो, लवू कळंबट्याच्या सासऱ्यानं लेकीच्या लग्नात दिलेला. तो काय असल्या पेटीसाठी अंग चोरणार? आणि पलंगाची मालकीण, लवूची बायको विमला, बाजूला वेताच्या खुर्चीत बसलेली. डावं अंग लुळं, तोंड एका बाजूला ओढलेलं, पदर नवऱ्यानं खोचून दिलेला.

रस्त्यापलीकडे सहाण होती. सहाण म्हणजे शिमग्यात देवीची पालखी टेकते तो चिऱ्यांचा चौथरा. त्याच्या कडेवर आख्खी भट्टीवाडी ओळीनं बसून मजा बघत होती. हात लावायला एक उठेल तर शपथ. उठायचं नाही हे ठरलेलंच होतं, आणि न उठता किती मजा येते हेही सगळ्यांना कळत होतं.

त्यांतला बाबल्या ओरडला, "मुकादम, पलंग ठोकून बगा! खणखणीत वाजतोय का बद्द?"

अशी काय खसखस पिकली म्हणता! बायांनी पदर तोंडात घातले. कारण त्या 'खणखणीत' आणि 'बद्द'ला भट्टीवाडीत मोठा इतिहास होता, तो आता सांगायलाच हवा.

ही जी चार मजल्यांची इमारत, 'सागरदीप अपार्टमेंट', ती उभी राहिली त्या जागी आधी कौलांचा कारखाना होता. खाडीतून पडावानं माती यायची, चिखल मळायचा, साच्यात दाबायचा, ओळीनं सुकवायचा आणि भट्टीत घालायचा. त्या भट्टीवरून वाडीचं नाव. कारखान्याच्या जमिनीतच कामगारांच्या कौलारू खोल्या. लवू तिथं मुकादम. भट्टी उघडली की लवू पाट टाकून बसायचा आणि एकेक कौल कानाशी धरून बोटाच्या पेरानं ठोकायचा. खणखणीत वाजलं तर गाडीत. बद्द वाजलं की मागं न बघता फेकायचा, आणि ते ज्या बाईच्या ओळीतलं असेल तिला पुन्हा चिखलात उभी करायचा. मग तिच्या कडेवर पोर असो नाहीतर पोटात. गंगुबाई तर सांगायची, तिचं दुसरं लेकरू भट्टीमागंच जन्माला आलं, आणि लवू तिकडं तोंड करून म्हणाला, "बग, रडतोय तरी खणखणीत!" एवढं बोलून त्यानं तिच्या ओळीतली सहा कौलं फोडली ती फोडलीच.

असा माणूस. पण मुकादमच तो, शिव्या खाणं हे त्याच्या पगारातच धरलेलं असतं. तेवढ्यासाठी कुणी कुणाला वाळीत टाकत नाही.

वाळीत टाकलं ते पुढच्या कारणानं. मंगळुरी कौलं स्वस्त यायला लागली, मग सिमेंटचे स्लॅब पडायला लागले, आणि भट्टी एकदा थंड झाली ती पुन्हा पेटलीच नाही. मालकानं जमीन मुंबईच्या एका बिल्डरला विकली. बिल्डर आला, खाडीकडं तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "व्ह्यू आहे!" वाडीतल्यांनी इतकी वर्षं त्या व्ह्यूकडं पाठ करूनच अंगणं सारवली होती. पण खोल्या रिकाम्या झाल्याशिवाय व्ह्यू विकता येईना, आणि लोक हलेनात. मग बिल्डरनं लवूला धरलं.

लवूनं वाडीला देवळात बोलावलं. पावणाईसमोर नारळ ठेवला, नारळावर हात ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. आवाज त्याचा पहिल्यापासून मोठा.

"आई पावणाई, आज तुझी लेकरं जागा सोडतायत. या जागेवर इमारत हुबी ऱ्हाईल, तिच्या खालच्या मजल्यावर भट्टीवाडीच्या हरेक चुलीला पक्की खोली मिळंल. यात माझ्या तोंडून खोटं गेलं असंल, तर तुझी पालखी माझ्या दाराला कधी लागू नये!"

"होय महाराजा!" सगळी वाडी एका आवाजात ओरडली.

देवळातून निघताना गंगुबाईनं विमलाचा हात धरला. दोघी बाळपणापासूनच्या, एका साच्यावर एक माती दाबायची, दुसरी कौल उचलायची. गंगुबाईनं हळूच विचारलं, "विमला, खरा ना गो?" विमलानं मान डोलावली. गंगुबाईला एवढं पुरलं. घरी जाऊन तिनं आधी आपली चूल मोडली, मग बाकीच्या बायांनी मोडल्या.

इमारत उभी राहिली. खालच्या मजल्यावर खांब उभे राहिले, आणि खांबांच्या मध्ये मोटारी ठेवायला जागा झाली. खोल्या नाहीत. मोटारी तरी कुठं होत्या? एक आली, तीही बँकेच्या साहेबाची, दर पावसाळ्यात बंद पडणारी. वाडी सड्यावर झोपड्या बांधून राहिली. सडा म्हणजे कातळ. तिथं कुदळ मारली तर ठिणगी उडते, पण पाणी लागत नाही. लवू मात्र बिल्डरकडं कामावर लागला आणि बाजारपेठेत खोली घेऊन राहिला. "मला पन फसवलान," असं तो भेटेल त्याला सांगायचा. भेटायचं कोण? वाडीनं त्याच्याशी बोलणं सोडलं. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं बोलणं सोडलं. लवू समोरून आला की लोक त्याच्या आरपार खाडी बघायचे.

आणि त्याच वर्षी विमलाचं अंग गेलं.

आता तुम्ही म्हणाल, अशी बायको घेऊन माणूस चौथ्या मजल्यावर कशाला गेला? तिथंच तर लवूची हुशारी. ऐका.

विमलाचं अंग गेल्यावर लवू घाबरला, तो मरणाला नाही. मरणाच्या पुढच्या गोष्टीला. बाजारपेठेत शेजारी वाणी आणि शिंपी. ते दुःख करतील, दुकानाची अर्धी फळीही लावतील, पण खांदा कोण देणार? खांदा वाडीचा असतो. शिमग्यात जे चार खांदे पालखीखाली असतात, तेच बाकीच्या वर्षात तिरडीखाली असतात. मुलगा शिवा बोटीवर. आज अरबस्तानात तर उद्या कुठं, त्याचं त्यालाच ठाऊक नाही. विमलाला बेवारशासारखी हातगाडीवरून न्यावी लागेल, हे लवूच्या मनानं घेतलं. हे वाळीत टाकणं संपवायचं तर शपथ खरी ठरवायला हवी. आणि शपथ खरी कशी ठरेल? पालखी दाराला लागली की! देवीच दारात आली म्हणजे लवू खरा. मग पुढं बोलायचं कुणी?

पण पालखीचा कायदा असा, की वाडीच्या हद्दीत जिथं चूल पेटते, तिथंच ती जाते. बाजारपेठ हद्दीबाहेर. आणि हद्दीत लवूला मिळण्यासारखं आता एकच घर उरलेलं. ही इमारत.

लवूनं शिवाला कळवलं. पोरगा आईवर जीव टाकणारा. म्हणाला, बाबा, मी भरतो भाडं, आईला चांगल्या हवेत ठेवा. वरच्या मजल्यावरचा ब्लॉक रिकामाच पडला होता. मुंबईच्या डॉक्टरनं घेऊन ठेवलेला, आरशासारखी फरशी, नळाला गरम पाणी, बाथरूममध्ये पांढरा कमोड. दुसऱ्या मजल्यावरचाही मिळत होता, भाडं कमी. लवूनं तो बघितलाही नाही. दुसऱ्या मजल्यावर पालखी आली तर तिच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांचे पाय! देवीच्या डोक्यावर कुणी राहतंय म्हटल्यावर मानकरी खालच्या खालीच परत फिरले असते. म्हणून सगळ्यात वरचा मजला. वर फक्त आभाळ आणि टीव्हीच्या काड्या. कुठं बोट ठेवायला जागा नाही.

पलंग शेवटी खाली मोटारीच्या जागेतच राहिला. विमला खुर्चीत बसून वर गेली. लिफ्ट हलली तशी तिनं धडक्या हातानं लवूचं धोतर धरलं.

सहाणेवर बाबल्या म्हणाला, "चालली मुकादमीन सर्गात."

गंगुबाईनं त्याच्या पाठीत बुक्की घातली. "तिला काय बोलशील तर बग! लवू मेल्याचं काय तां बोल. विमला आपली हाय."

"आपली हाय तर जा मंग वर, चा पियाला."

गंगुबाई वर गेली नाही. त्या दिवशीही नाही, पुढंही नाही. वाळीत असतं ते घर, आणि विमला त्या घरात होती.

ब्लॉकमधले दिवस म्हणजे एकेक मजा. कमोडवर कसं बसतात हे लवूला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायला वाळीतला माणूस जाणार कुठं? चार दिवस तो पहाटे उठून खाडीकाठी जायचा. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीसाहेबांनी पाहिलं. साहेब कस्टममधले, कपाळावर कायम एक आठी, सोसायटीच्या काळजीची. म्हणाले, "अहो कळंबटे, ही सुशिक्षितांची वस्ती आहे."

"व्हय साहेब," लवू म्हणाला, "म्हनून तर लांब जातो."

विमलाला गॅलरीत बसवलं की तिला कठडा दिसायचा आणि कठड्यावर आभाळ. खाडी दिसायला उभं राहावं लागे. खालून कोळणीची हाक यायची, सड्यावरच्या बाया मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या, जाळ्यांच्या कामाला जाताना बोलत जायच्या. त्यातला गंगुबाईचा आवाज विमलाला बरोबर कळायचा. ती तोंडाच्या चांगल्या कोपऱ्यातून हाक मारायची, "गंगू गो!" पण अर्ध्या तोंडाची हाक चार मजले उतरायच्या आधीच विरायची.

"अवो," ती एकदा लवूला म्हणाली, "मला खाली नेवन बसवा. त्या पलंगावर. मोटारीच्या शेजारी बसवा, पन खाली."

"शिमगा होऊ दे. एकदा पालखी आली, की खालची वाडीच तुझ्याकडं वर येईल."

विमलानं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. तिचा एक डोळा मिटायचा नाही, त्यामुळं तिचं बघणं कधी संपलं ते कळायचं नाही. मग म्हणाली, "ती कशी येईल वो?"

"का नाय येणार? चूल पेटलीय माझी."

"चूल पेटलीय," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडं केलं.

पौषात लवू महिपतकडं गेला. महिपत वाडीचा मानकरी. गाऱ्हाणं घालायचं, पालखी कुठल्या दारात न्यायची, ते त्याच्या शब्दावर. म्हातारा कातळावर बसून सुंभ वळत होता. लवूनं कायदा मांडला. हद्द, चूल, वरचा मजला. महिपत सुंभ वळत राहिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वाडीतलं माणूस त्याच्याशी सरळ बोललं, ते असं:

"कायद्यानं येयाला व्हवी. येईल."

लवू घरी आला तो दोन मजले लिफ्टशिवाय चढला, एवढा हलका झाला होता.

आणि नशीब उघडतं तेव्हा कसं एकदम उघडतं बघा. माघात विमलाला ताप भरला, डॉक्टर म्हणाले डोक्यावर बर्फ ठेवा. लवू मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यावर गेला. तिथं लाद्या ओढायला कोण? बाबल्या! लवू मागं फिरणार, तेवढ्यात बाबल्याच म्हणाला, "मुकादम, तुमी चला पुडं. वयनीला बर्फ मी आनतो."

आणला की! गोणपाटात गुंडाळून, वर सुंभ बांधून, खांद्यावर लादी घेऊन बाबल्या आला. लिफ्टमध्ये शिरला नाही. "आमी जिन्यानं," म्हणाला. लवूही त्याच्याबरोबर जिन्यानं चढला. घामाघूम झाला, पण बोलता बोलता. वाळीतल्या माणसाला बोलायला कुणी मिळालं की तो उतू जातो. हा कठडा बग, ही फरशी बग, ही खिडकी सरकती आहे बग. विमलाच्या डोक्याला बर्फ लावून झाला, बाबल्या पाणीही प्यायला. वाळीतल्या घरचं पाणी! लवूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

उतरताना पहिल्या मजल्याच्या वळणावर बाबल्या थांबला. तिथून खाली जिना सरळ होता. "केवडा वो रुंद जिना! मुंबयत पन नसंल असा."

"अरे, पालखी नाचवत नेशील इथनं!" लवू म्हणाला.

"खरा सांगता? धरा बगू जरा ह्यां टोक." बाबल्यानं बर्फाचं सुंभ सोडलं होतं, त्याचं एक टोक लवूच्या हातात दिलं. लवू त्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकला. बाबल्या या कोपऱ्यात. सुंभ ताणलं, बाबल्यानं आपल्या टोकाशी गाठ मारली. "बराच हाय, बराच हाय," म्हणाला आणि सुंभ कमरेला गुंडाळून गेला.

लवूनं वर येऊन विमलाला सांगितलं, "वळनं मोजून गेला बाबल्या. पालखीची तयारी चाललीय."

बर्फाखालून विमला म्हणाली, "हां."

शिमगा आला. साल शहाऐंशी. खाडीवर ढोल घुमायला लागले. लवूनं आदल्या दिवशी जिना स्वतः धुतला, चारी मजले. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, नोकर ठेवला आहे सोसायटीनं. लवू म्हणाला, "देवीला नोकराच्या हाताचा नको." दारात रांगोळी, चौकटीला आंब्याची डहाळी. विमलाला शिवानं पाठवलेलं नायलॉनचं जरीकाठी लुगडं, आणि ती त्याच वेताच्या खुर्चीत बरोबर उंबऱ्याच्या आत. मांडीवर ओटीचं ताट: नारळ, खण, तांदूळ. ताट घसरू नये म्हणून लवूनं ते पंच्यानं तिच्या पोटाशी बांधलं. लवू नव्या धोतरात खाली गेला.

पालखी सहाणेवर टेकली, गाऱ्हाणं झालं. मग महिपतनं हात केला आणि पालखी उठली. ढोलवाले पुढं, पालखी मागं, आणि मागं सगळी वाडी, जिन्यात! ढोलाच्या आवाजानं काचा थरथरल्या. पहिल्या मजल्यावरची साहेबीण दार उघडून बघते तो काय, दारात चार उघडे दांडगे पुरुष आणि देवीचे चांदीचे मुखवटे. तिनं घाईघाईत हात जोडले ते उलटणं हातात धरूनच.

आणि तिथंच, पहिल्या मजल्याच्या वळणावर, पालखी थांबली.

पुढं बाबल्या होता. त्यानं दांडा डावीकडं घेतला, भिंतीला लागला. उजवीकडं घेतला, कठड्याला लागला. मागच्यांनी उचलून बघितलं, पुढच्यांनी खाली बसून बघितलं. दांडा काही वळेना. ढोल हळूहळू थांबला.

"वळेल," लवू खालून वर घुसत म्हणाला. "वळेल रे, जरा तिरकी करा."

"देवीला तिरकी?" महिपत म्हणाला.

"मंग दांडा काढा. हातावर घ्या."

"दांडा काढला म्हंजे पालखी संपली. मंग ती देवळातच जाऊन बसते. तुला ठाव नाय?"

"लिफ्ट हाय. मी सोता लिफ्ट..."

"पावणाईला पिंजऱ्यात घालू?" बाबल्या म्हणाला, आणि जिनाभर हसू पसरलं, खालून वरपर्यंत.

तेव्हा लवूनं दांड्याकडं बघितलं. इतकी वर्षं भिंतीला, खांद्याला घासून काळा झालेला दांडा त्याला पाठ होता. हा पिवळा होता. नवा. टोकाला अजून रंध्याची साल चिकटलेली. आणि जुन्यापेक्षा चांगला हातभर लांब.

"दांडा नवा केलात?" त्यानं विचारलं. आवाज खाली गेला होता.

"माघात केला," बाबल्या म्हणाला. "जुना किडला व्हता. देवीला जरा ऐसपैस करावा म्हटला." आणि कमरेचं सुंभ सोडून त्यानं लवूच्या हातात दिलं. गाठ तशीच होती. "ह्या तुमचा ऱ्हायला व्हता माझ्याकडं."

लवू ते सुंभ हातात घेऊन उभा राहिला. या कोपऱ्यात आपणच तर टोक धरून उभे होतो!

महिपतनं तिथंच, जिन्यात, हात जोडले. "आई पावणाई, कायद्यानं तुला दारापर्यंत आनत व्हतो. तूच थांबलीस. तुजी मर्जी."

"होय महाराजा!"

असा आवाज त्या इमारतीत पुन्हा कधी झाला नाही. पालखी पाठमोरी उतरली, कारण वळायला जागा नव्हतीच. ढोल पुन्हा सुरू झाला तो पहिल्यापेक्षा जोरात. सेक्रेटरीसाहेब मधल्या मजल्यावर कानांवर हात ठेवून "हा काय प्रकार आहे, कळंबटे?" विचारत होते, आणि कळंबटे सुंभाची गाठ सोडत होते. ओल्या सुंभाची वाळलेली गाठ, ती सुटते होय?

वर विमला तशीच बसलेली. ढोल आला होता तो गेला, हे तिनं ऐकलं होतं. लवूनं ताट सोडायला हात घातला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या जरा." दिवे लागेपर्यंत ती ओटी मांडीवर घेऊन बसली होती.

त्यानंतर तिनं अन्न कमी केलं. बोलणं तर आधीच कमी होतं. एकदाच म्हणाली, "अर्धी जीभ गेली तां बरा झाला. सगळी व्हती तेव्हा तरी काय केला तिचा?" लवूनं पेज भरवत असताना ऐकलं आणि पुढचा चमचा भरला.

वैशाखात, आंब्याच्या पेट्या एसटीच्या टपावर चढत होत्या त्या दिवसांत, एका सकाळी ती उठली नाही. लवूनं आरसा नाकाशी धरला, पेर गालावर टेकवलं. जुनी सवय. मग तो खाली आला. जिन्यानं.

सड्यावर कुणी नाही म्हणालं नाही, हे आधी सांगायला हवं. बातमी ऐकताच गंगुबाईनं हंबरडा फोडला. बाबल्यानं बांबू तोडले, महिपतनं सुंभ काढलं, कुणी मडकं आणलं. घटकाभरात सगळी वाडी सहाणेवर. तिरडी बांधली गेली, तीही सहाणेशेजारी. लवूच्या छातीवरचा दगड उतरला. तो म्हणाला, "चला मंग वर."

कुणी उठलं नाही.

महिपत म्हणाला, "आमचा तुज्याशी काय नाय, लवू. विमलाला आमी न्हेनार. पन तिरडी त्या जिन्यात वळायची नाय. तू तिला खाली आन. पुडं आमी हाव."

"मानसं तरी या दोघं. उचलायला."

"ज्या घरच्या दाराला पालखी लागली नाय, त्या घराचा उंबरा कोन चढनार?"

लवूनं गंगुबाईकडं बघितलं. ती रडत होती, मोठ्यानं, मनापासून. पण तीही उठली नाही.

लवू एकटा वर आला. विमलाला दोन्ही हातांवर घेऊन चार मजले उतरणं साठी गाठलेल्या माणसाला जमणारं नव्हतं. आणि लिफ्टच्या दारावर सेक्रेटरीसाहेबांच्या अक्षरात पाटी: अवजड सामान व प्रेत नेण्यास सक्त मनाई. माणूस बारकाईचा, इमारतीत कुणी मरायच्या आधीच लावून ठेवलेली. लवूनं काय केलं ऐका. अंग अजून सैल होतं. त्यानं तिला शिमग्यातलं लुगडं नेसवलं, केस विंचरले, कुंकू लावलं, आणि वेताच्या खुर्चीत बसवलं. पोटाशी पंचा बांधला, तोच ओटीचा. खुर्ची ओढत लिफ्टमध्ये घातली, तिचं डोकं आपल्या कमरेला टेकवून धरलं आणि बटण दाबलं.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. सेक्रेटरीसाहेब! हातात बॅग, निघाले कचेरीला. आत येऊन त्यांनी जाळी ओढली, नाक जरा आक्रसलं, पण आज मोठ्या मनानं हसले.

"वा, वहिनी! आज नटूनथटून कुठं?"

विमलाचा तो न मिटणारा डोळा साहेबांकडंच होता.

"खाली बसायचं म्हनते," लवू म्हणाला. "लय दिवस मागं लागली व्हती."

"छान, छान. मोकळी हवा हवीच. बोलत नाहीत आज?"

"आदीपासून कमीच बोलते."

लिफ्ट खाली पोचली. साहेब आधी उतरले, जाळी धरून उभे राहिले, अगदी बाईमाणसासाठी धरतात तशी. लवूनं खुर्ची ओढली. खांबांच्या मधून, मोटारीच्या आणि धुळीनं माखलेल्या सागाच्या पलंगाच्या शेजारून, फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे. तिरडी बघून साहेब फाटकातच खिळले, आणि त्यांच्या हातातून बॅग पडली. पण त्यांच्याकडं कोण बघतंय!

बायांनी विमलाला खुर्चीतून घेतलं. गंगुबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावरून हात फिरवला, ओढलेला ओठ सरळ करायचा प्रयत्न केला. "माझी बाय गो, तुजी काय चूक व्हती गो! गरीब गाय माझी. ह्या मेल्याच्या पापात भरडलीस गो!" बाकीच्या बायाही तेच म्हणून रडल्या. सगळ्या वाडीचं प्रेम त्या बाईवर असं ओतलं जात होतं, की बाजूला उभा राहिलेला लवू जणू रस्त्यावरचा परका वाटसरू.

तिरडीवर निजवली, बांधली, हळदकुंकू झालं. चौघं पुढं झाले. पुढच्या दांड्याला बाबल्या. उचलायला वाकला, आणि सरळ झाला. आजचा दिवस पुन्हा येणार नव्हता, हे त्याला कळत होतं. लवू आज जेवढा उघडा होता तेवढा पुन्हा कधी मिळणार नव्हता.

"मुकादम," तो म्हणाला, "उचलतो. पन आदी येक सांगा. ही हितं पडलीय, समोर देवीची सहान हाय. तेव्हा नारळावर हात ठेवलात, तेव्हा तुमाला ठाव व्हता? खोल्या नाय भेटनार, ह्यां ठाव व्हता?"

महिपतनं त्याला गप्प केलं नाही. रडणाऱ्या बायाही थांबल्या. गंगुबाईचा हात अजून विमलाच्या कपाळावर होता.

लवूनं विमलाकडं बघितलं. मग एकेकाच्या तोंडाकडं बघत गेला, भट्टी उघडल्यावर कौलांच्या थप्पीकडं बघायचा तसा, सावकाश. गंगुबाईपाशी येऊन थांबला आणि म्हणाला:

"मला ठाव व्हता. हिला पन ठाव व्हता, मी आदल्या रातीच सांगितला व्हता. आता उचलता, का हितंच ठेवता, तां तुमी बगा."